घर आणि घरकाम : डाग दिसतो, पाणी दिसत नाही

दिवाळी जवळ आली की घराघरांतून पहिली पाळी येते ती जमिनीची. माळ्यावरची भांडी उतरायची राहिली, पडदे धुवायचे राहिले, तरी एक वेळ चालते. पण पाडव्याला आलेल्या पाहुण्याची नजर आधी पायांखाली जाते, अशी आपली ठाम समजूत असते. म्हणून बादल्या भरल्या जातात, साबणाचा फेस होतो आणि घरातल्या कर्त्या बाईची, आताशा कर्त्या पुरुषाचीही, कंबर मोडेपर्यंत फरशी धुतली जाते. चाल चांगलीच आहे. प्रश्न एवढाच की, आपल्या पायांखाली अजून फरशीच आहे काय?

आजीच्या घरी शेणाने सारवलेली भुई होती. तिला पाणी किती लागते हे आजीच्या हाताला ठाऊक असे. मग कर्नाटकातल्या शहाबादहून येणारी करडी, थंडगार फरशी आली. राजस्थानातून कोटा आला. संगमरवराच्या कपच्या घातलेल्या सिमेंटच्या मोझॅइक लाद्या आल्या. पुण्याची फरशी असो की मुंबईची लादी असो, या साऱ्या मंडळींचा एक गुण समान होता. त्यांच्यावर बादलीभर पाणी ओता, खराट्याने लोटा, ती तक्रार करीत नसत. उलट चिंच, लिंबू किंवा कोकम सांडले की मात्र त्यांचे तेज जाई. कारण शहाबाद काय, कोटा काय किंवा संगमरवर काय, हा सारा चुन्याच्या जातीचा दगड, आणि आंबट पदार्थ चुन्याला खातो. म्हणून आपल्या घरांत एक शिस्त पडली : काही सांडले की लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकावे.

आता गेल्या काही वर्षांत नव्या सदनिकांच्या निजायच्या खोलीत, कोठे दिवाणखान्यातही, लाकडासारखी दिसणारी जमीन आली आहे. तिला सर्रास 'वुडन फ्लोअरिंग' म्हणतात. पण बहुतेक ठिकाणी ती लॅमिनेटची असते. या जमिनीचा स्वभाव शहाबादीच्या नेमका उलटा आहे. ती डागाला फारशी भीत नाही, पाण्याला भिते. आणि आपण काय करतो? डागाच्या भीतीने तिच्यावर पाणी ओततो. डाग दिसतो म्हणून आपण घाबरतो. पाणी सांध्यात उतरताना दिसत नाही म्हणून निर्धास्त राहतो. या एका उलटापालटीने चांगल्या चांगल्या घरांतल्या जमिनी फुगल्या आहेत आणि त्यापायी नको त्या माणसाला बोल लागले आहेत.

लॅमिनेट म्हणजे काय?

ही जमीन मूळची स्वीडनची. तेथील पेर्स्टॉर्प या कंपनीने ती १९७७ साली शोधली आणि १९८४ पासून 'पेर्गो' या नावाने ती विक्रीला आली. सुरुवातीला फळ्या एकमेकींना सरसाने चिकटवीत. पुढे १९९० नंतरच्या दशकात खाचेत खाच अडकवून बसणाऱ्या, सरस न लागणाऱ्या फळ्या निघाल्या, आणि एका दिवसात एक खोली पुरी होऊ लागली.

फळी हातात घेऊन तिची कड पाहिली तर चार थर असतात. सर्वांत वर पारदर्शक, अतिशय कठीण असा मेलामाइनचा थर. आपल्या टेबलावरच्या सनमायक्याचा तो सख्खा भाऊ. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड मिसळलेली असते, म्हणून तो सहजी झिजत नाही. त्याखाली एक छापील कागद. आपण ज्याला सागवान किंवा अक्रोड समजून हात फिरवतो, ते त्या कागदावरचे चित्र असते! त्याखाली फळीचा गाभा, आणि सर्वांत खाली फळी वाकू नये म्हणून आणखी एक पातळ थर. सारी मिळून जाडी बहुधा ७ ते १२ मिलिमीटर.

सारे रहस्य गाभ्यात आहे. लाकूड वाफेवर शिजवून त्याचे तंतू सुटे करतात, त्यांत राळेसारखा चिकट पदार्थ मिसळतात आणि तापलेल्या यंत्रात प्रचंड दाबाखाली त्याची पाटी करतात. ती इतकी घट्ट होते की, एका घनमीटरचे वजन ८०० किलोंहून अधिक भरते. म्हणजे हे तंतू दडपून बसवलेले असतात, दाबलेल्या स्प्रिंगसारखे. पाणी लागले की चिकट धरणी ढिली पडते, तंतू फुगतात आणि स्प्रिंग उसळते. पुढे पाणी वाळते खरे, पण उसळलेली स्प्रिंग पुन्हा दाबणार कोण? यंत्र तर कारखान्यात राहिले. म्हणूनच ओल्या पापडासारखी उचललेली लॅमिनेटची कड वाळल्यावरही पूर्ववत बसत नाही. थोडीफार ओसरते, एवढेच.

वरून मात्र ही फळी चिलखत घातल्यासारखी असते. त्यामुळे तिच्या मधोमध सांडलेला चहा तासाभराने पुसला तरी बहुधा काही बिघडत नाही. तोच चहा दोन फळ्यांच्या सांध्यावर सांडला की तेथे चिलखत नाही, गाभ्याची कड आहे. लॅमिनेटचे सारे दुखणे सांध्यांत असते, हे ध्यानी धरले म्हणजे पुढचे सारे नियम आपोआप सुचतात.

आधी जमीन ओळखा

एक खबरदारी. लाकडासारखे दिसणारे सारेच लॅमिनेट नव्हे. बाजारात व्हिनाइलच्या फळ्याही मिळतात. त्यांतल्या 'एसपीसी' नावाच्या जातीत चुनखडीची पूड आणि प्लास्टिक यांचा गाभा असतो आणि पाण्याने तो फुगत नाही. तिसरी जात खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा प्लायवूडवर बसवलेली. ती पाण्याला लॅमिनेटइतकीच, किंबहुना अधिकच, नाजूक. ओळखायचे कसे? दाराच्या चौकटीपाशी जोडपट्टी असते ती सुताराकडून उचलवून फळीची कापलेली कड पाहावी, किंवा माळ्यावर ठेवलेला उरलेला तुकडा काढावा. कड तपकिरी, पुठ्ठ्यासारखी घट्ट दिसली तर लॅमिनेट. राखाडी, दगडी किंवा रबरी दिसली तर व्हिनाइल. आडव्या-उभ्या पापुद्र्यांची दिसली तर प्लायवूड. पुढे जे लिहिले आहे ते लॅमिनेटसाठी.

सांडले तर

काहीही पातळ सांडले तर पहिले काम पुसण्याचे नव्हे, टिपण्याचे. फडके फिरवले की पाणी चार सांध्यांवर पसरते. जुना टॉवेल किंवा सुती पंचा सांडलेल्या जागेवर ठेवावा, हाताने दाबावा, उचलावा. पुन्हा कोरडी बाजू. बाहेरच्या कडेकडून मध्याकडे यावे. मग किंचित ओलसर फडक्याने चिकटपणा काढावा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. सरबत, दूध, चहा यांना एवढे पुरते. सांध्यात पाणी गेल्यासारखे वाटले तर तेथे पंख्याचा वारा तासभर लागू द्यावा. केस वाळवायचे गरम यंत्र मात्र जवळ धरू नये. एकाच जागी तापवल्याने वरचा थर सुटण्याचे भय असते.

आता सणासुदीच्या डागांकडे वळू.

तेल. पणती कलंडली, अभ्यंगस्नानाला निघालेल्या मुलाने तेलाची वाटी सांडली, चकलीचा झारा निथळत बाहेर आला, हे होणारच. तेलाने लॅमिनेट फुगत नाही; परंतु त्यावर पाय सरकतो. घरात वयस्कर माणसे असतील तर तेलाचा डाग जमिनीसाठी नव्हे, त्यांच्या हाडांसाठी तातडीने पुसावा. आधी कोरड्या कागदाने टिपावे, मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. नंतर साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने एक हात आणि शेवटी कोरडा हात. साबणाचा अंश राहिला की जमिनीवर ढगाळ पट्टे दिसतात आणि धूळही चिकटते.

मेण. मेणबत्तीचे थेंब गरम असताना पुसू नयेत, पसरतात. बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून, थेंबावर पाच-दहा मिनिटे ठेवावेत. मेण ठिसूळ झाले की जुन्या, बाद झालेल्या बँकेच्या कार्डाने अलगद खरवडावे. चाकू किंवा उलथने नको. कागद ठेवून इस्त्री फिरवायची युक्ती कपड्यांवर चालते, येथे नको.

हळद. हिला मान द्यावा. मेलामाइनच्या जुन्या, चरे पडलेल्या ताटल्या वरणाने कशा पिवळ्या पडतात ते आपण पाहिले आहे. जमिनीवर चरे नसतील तर हळद बहुतेक पुसून निघते. मात्र धुण्याचा सोडा किंवा कडक साबण लावू नये; क्षाराने हळद लाल होते. हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू करण्याची आपली जुनी रीत याच गुणावर उभी आहे. पुसूनही पिवळी छटा राहिली तर फार घासत बसू नये. खिडकीतले ऊन तेथवर येत असेल तर येऊ द्यावे. हळदीचा रंग उन्हात उडतो. बाकी डाग घासल्याने जातात, हा बसू दिल्याने जातो.

शाई, नखांचा रंग, आलता, मुलांच्या जाड रंगीत पेनांच्या रेघोट्या. येथे पाणी निरुपयोगी. नखरंग काढायचे द्रावण किंवा स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर थोडेसे घेऊन डागावर टिपावे, लगेच पुसावे, आणि मग साध्या ओलसर फडक्याने तो अंश काढावा. आधी पलंगाखालच्या एखाद्या कोपऱ्यात थोडे लावून पाहावे. आणि हे विसरू नये की, ही द्रावणे भडकन पेट घेतात. पणत्या तेवत असताना हे काम करू नये. खिडक्या उघडून, सकाळच्या वेळी करावे.

रांगोळी. कोरडी रांगोळी मऊ केरसुणीने किंवा झाडणीने उचलावी. तिच्यात दगडाची भरड पूड असते. ती पायाखाली घासली गेली की चरे पडतात. ओल्या फडक्याने ती आधीच पुसायला जाल तर रंगाचा चिखल सांध्यांत भराल. मुलींना खोलीतच रांगोळी काढायची हौस असेल तर एखादा पाट किंवा जुना पुठ्ठा द्यावा, त्यावर खुशाल मोर काढू देत.

बुटांच्या रबराचे काळे ओरखडे पेन्सिलीच्या खोडरबराने जातात. तारेची घासणी, भांड्याची पावडर, आम्ल आणि ब्लीचिंग पावडर यांना या खोलीचा उंबरठा ओलांडू देऊ नये. आम्ल आणि ब्लीचिंग यांची भेट तर घरात कोठेच घडवू नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो. मोझॅइक पॉलिश करणाऱ्याला हौसेने बोलावू नये, घासायला लावू नये, कारण चित्र कागदावर आहे. कागद घासला की सागवान संपले! मेणाचे पॉलिशही नको. आणि वाफेचा पोछा 'पाणी लागत नाही' म्हणून कोणी सुचविला तर नम्रपणे नकार द्यावा. वाफ म्हणजे सांध्यात शिरण्याची कला पूर्णपणे अवगत असलेले पाणीच होय.

रोजचे पुसणे आणि कामवाल्या मावशी

आता थोडे नाजूक विषयाकडे. समजा, वर्षभराने निजायच्या खोलीतल्या फळ्यांच्या कडा वर आल्या. घरात शोध सुरू होतो. "मावशी, तुम्हीच जास्त पाणी घेता!" असा निकाल लागायला पाच मिनिटे पुरतात. मावशी बिचाऱ्या म्हणतात, "ताई, कमी पाण्यात पुसले तर तुम्हीच म्हणता स्वच्छ झाले नाही." आणि त्यांचे म्हणणे खरे असते. तीस-तीस वर्षे ज्या हातांनी शहाबादी आणि लादी पुसली, त्यांना या नव्या जमिनीचा स्वभाव कोणी समजावून सांगितला? बादली आपण दिली, फिनेल आपण दिले, ओलसर चकाकी दिसली की समाधान आपण व्यक्त केले. मग दोष एकट्या मावशींच्या पदरी कसा?

सांगायचे ते इतके : आधी कोरडे झाडावे. मग फडके पाण्यात बुडवून इतके पिळावे की, हवेत धरले तर एक थेंब गळू नये. पुसल्यावर जमिनीवरचा ओलावा मिनिटाभरात उडाला पाहिजे. अधिक वेळ राहिला तर पाणी जास्त झाले. फळीच्या लांबीच्या दिशेने पुसावे. रोज ओले पुसायची गरज नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे, एरवी कोरडा केर. हे हातात फडके घेऊन एकदा करून दाखवावे, नुसते तोंडाने सांगू नये. आणि या खोलीला वेळ कमी लागतो म्हणून पगार कापण्याचा विचारही मनात आणू नये.

तरीही फळी फुगलीच तर बोट दाखविण्यापूर्वी फुगवटा कोठे आहे ते पाहावे. जागाच गुन्हेगार सांगते. खोलीभर सगळ्याच सांध्यांच्या कडा सारख्या वर आल्या असतील तर ओले पुसणे हे कारण मानता येईल. पण फुगवटा एकाच भिंतीलगत असेल आणि त्या भिंतीमागे न्हाणीघर असेल, तर गळती नळाची किंवा न्हाणीच्या फरशीची आहे, मावशी निर्दोष. वातानुकूलन यंत्राखालच्या भिंतीपाशी असेल तर त्याची पाणी वाहून नेणारी नळी तुंबली आहे आणि पाणी भिंतीवरून गुपचूप उतरते आहे. खिडकीशी असेल तर पावसाळ्यात झडप उघडी राहिली. एकाच गोल जागी असेल तर तेथे कुंडी होती. आणि खोलीच्या मधोमध तंबूसारखी जमीन उचलली असेल, पायाखाली दबत असेल, तर तो दोष ठोकणाऱ्या कारागिराचा आहे. हवेतल्या दमटपणाने या फळ्या थोड्या प्रसरण पावतात. मुंबईच्या पावसाळ्यात तर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्याही वर जाते. म्हणून भिंतीलगत चहूकडे ८ ते १० मिलिमीटर फट ठेवून ती वर स्कर्टिंगच्या पट्टीने झाकायची असते. फट ठेवली नाही की फळ्यांना सरकायला जागा उरत नाही आणि त्या आभाळाकडे निघतात.

भाड्याच्या घरात तर ही तपासणी अधिकच महत्त्वाची. घर सोडताना फुगलेल्या फळ्यांसाठी अनामत रकमेतून पैसे कापले जातात आणि न्हाणीची गळती मालकाची की पुसणे भाडेकरूचे, यावरून चांगले संबंध तुटतात. घरात शिरल्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येक खोलीच्या जमिनीची, विशेषतः भिंतीलगतच्या कडांची, छायाचित्रे काढून मालकाला पाठवून ठेवावीत. फुगवटा दिसताच त्याच दिवशी लेखी कळवावे. घर मालकाचे असले तरी गळतीचे पहिले साक्षीदार आपण असतो.

पूर आला तर

न्हाणीचा नळ रात्रभर उघडा राहिला, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची नळी निसटली, शीतकपाट बंद केल्यावर बर्फ वितळले, असे प्रसंग येतात. वरचे पाणी टिपून आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो. पण खरी गोष्ट जमिनीखाली असते. फळ्यांखाली फोमचा पातळ थर आणि त्याखाली बहुधा प्लास्टिकचा कागद घातलेला असतो. सिमेंटच्या स्लॅबमधली ओल वर येऊ नये म्हणून तो घालतात, आणि ते योग्यच आहे. पण तोच कागद वरून शिरलेले पाणीही खाली जाऊ देत नाही. ते तेथे थाळीतल्यासारखे साचून राहते. वरून फळ्या, खालून प्लास्टिक, वाऱ्याला वाट नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी कुबट वास, बुरशी आणि आपल्याकडच्या हवेत वाळवीला आमंत्रण.

म्हणून मोठे पाणी शिरले तर पहिल्या दिवशीच कारागिराला बोलवावे. त्याआधी भिंतीतल्या खालच्या विजेच्या खोबणीपर्यंत पाणी पोहोचले असेल तर मुख्य बटण बंद करावे. स्कर्टिंग काढावे, जवळच्या भिंतीपासून एकेक फळी खाच सोडवून उचलावी, तिच्या मागे पेन्सिलीने क्रमांक घालावा. फळ्या सावलीत आडव्या, मध्ये काड्या घालून रचाव्यात. उभ्या टेकल्या तर वाकतात, उन्हात ठेवल्या तर वाकड्या होतात. भिजलेला फोम टाकून द्यावा. खालचा स्लॅब पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावा. वरून पांढरा दिसला म्हणजे सुकला असे नव्हे. हातभर प्लास्टिकचा तुकडा त्यावर चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या अंगाला दव दिसले किंवा खालची जागा काळवंडली, तर अजून ओल आहे. ज्या फळ्यांच्या कडा फुगल्या त्या बाद समजाव्यात, बाकीच्या पुन्हा बसतात. सरस लावून चिकटवलेल्या फळ्यांना मात्र हा उपाय नाही; त्या तोडूनच काढाव्या लागतात.

आणि म्हणूनच नवीन जमीन घालताना एक पेटी फळ्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवाव्यात. दोन-चार वर्षांनी तेच चित्र, तीच खाच बाजारात मिळेलच असे नाही.

घ्यावी की न घ्यावी?

ज्यांना अजून घ्यायची आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. दुकानदार 'एसी ३', 'एसी ४' असे अंक सांगतो. या एसीचा थंड हवेशी संबंध नाही आणि पाण्याशीही नाही. तो वर्ग झिजेचा आहे : आकडा जितका मोठा तितका वरचा थर चिवट. घरगुती वापराला एसी ३ किंवा ४ पुरते. पाण्याचे मात्र वेगळे विचारावे. हल्ली पाण्याला काही तास दाद न देणाऱ्या सांध्यांच्या फळ्याही निघाल्या आहेत. पण त्यांची हमी वर सांडलेल्या पाण्याची असते, खालून येणाऱ्या ओलीची नव्हे. हे कागदावर वाचूनच पैसे द्यावेत. फळ्या बसविण्यापूर्वी दोन दिवस, त्याच खोलीत, पेट्या न उघडता आडव्या ठेवाव्यात म्हणजे त्या तेथल्या हवेला सरावतात. नव्या इमारतीचा स्लॅब पुरता सुकायला महिने लागतात, तेव्हा घाई नको. स्वयंपाकघर, न्हाणी, देवघराचा कोपरा आणि पावसाची झड येणारी गच्ची येथे लॅमिनेट घालू नये. तेथे आपली जुनी लादीच बरी.

आणि घरात तान्हे मूल असेल किंवा ज्यांना रात्री न्हाणीपर्यंत जाणे होत नाही असे आजोबा असतील, तर त्यांच्या खोलीत ही जमीन घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा. तेथे पाणी सांडणार, ओले होणार. त्यांचा तो अपराध नव्हे. "बाबा, जमीन खराब होते हो!" हे वाक्य दिवसातून तीनदा ऐकावे लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते घर हळूहळू परके वाटू लागते. आधीच घातली असेल तर पलंगाशी, खाली पाणी न झिरपणारा, रोज उचलून वाळवता येईल असा जाड पट्टा अंथरावा, आणि विषय तेथेच संपवावा. फळीची किंमत दुकानात विचारता येते. त्या माणसाच्या संकोचाची नाही.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत पणत्या ताटलीत ठेवा, तेलाची वाटी न्हाणीतच राहू द्या, बादली बाहेरच्या लादीवर खुशाल उपडी करा आणि आतल्या खोलीत फडके पिळून घ्या. एवढे सांभाळले की लॅमिनेट पुष्कळ वर्षे साथ देते. आणि एखाद्या फळीची कड उचललीच, तर ती बदलता येते. रागाच्या भरात बोललेला शब्द मात्र माळ्यावरच्या जास्तीच्या पेटीतून काढून बदलता येत नाही.